आढाव सिस्टरच्या भुवया

आढाव सिस्टरनी मला पहिल्याच भेटीत झापलं, ते एका बाहुल्यावरून. मी नोएडातल्या आमच्या ट्रेनिंग सेंटरचा अ‍ॅडमिन. म्हणजे हॉल उघडायचा, पंखे लावायचे, चहा सांगायचा, सर्टिफिकेटं छापून आणायची आणि अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करणारी पोरं वर्गातून सटकत नाहीत ना, ते बघायचं. त्या दिवशी नव्या कोर्सचं सामान आलं होतं. त्यात एक रबरी बाळ होतं, खऱ्या तान्ह्या बाळाएवढं. तोंडावर मास्क धरून हवेची पिशवी दाबली की त्याची छाती वर यायची. मी ते कपाटात जागा होती तिथं, म्हणजे फायलींच्या मागं, डोकं खाली पाय वर असं कोंबलं आणि कुलूप लावून मोकळा झालो.

तेवढ्यात दारात एक ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या बाई. सुती साडी, पायात पळायचे बूट, खांद्याला लोकरीची पिशवी. बाळ कुठाय, असं त्यांनी हिंदीत विचारलं. मी कपाट उघडून दाखवलं. त्यांनी बाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या टेबलावरच्या नावाच्या पाटीकडे. आणि मराठीत म्हणाल्या, "विनायक नाव लावतोस आणि लेकरू असं ठेवतोस?"

मी म्हटलं, सिस्टर, रबराचं आहे ते. तर म्हणे, तुझ्यासाठी रबराचं. या पोरांना मी याच्यावर शिकवणार, आणि तू जसं ठेवशील तसंच ती धरणार. मग त्यांनी ते बाळ टॉवेलात गुंडाळलं आणि खोलीतली एकुलती एक गादीवाली खुर्ची बघून तिच्यावर निजवलं. ती खुर्ची माझी होती. मी दिवसभर उभ्यानं काम केलं. संध्याकाळपर्यंत बाळाचं नाव पिंट्या पडलं होतं आणि मी कानाला खडा लावला होता.

सिस्टर मूळच्या मिरजेच्या. तिथंच नर्सिंग शिकल्या, लष्करातल्या नवऱ्यामागं दिल्लीच्या कॅन्टोन्मेंटमध्ये आल्या, नवरा गेला, त्या इथंच राहिल्या. सगळी नोकरी एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या लेबर रूममध्ये. रिटायर झाल्यावर हे काम अंगावर घेतलं: अ‍ॅम्ब्युलन्सच्या टेक्निशियन पोरांना, जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाचा श्वास कसा सुरू करायचा, ते शिकवायचं. बाकीचं चरित्र मला ठाऊक नाही. रविवारी चर्चमध्ये मराठी उपासनेला जायच्या आणि ख्रिसमसला डबा भरून करंज्या आणायच्या, एवढं माहीत आहे. आमच्या हिच्या दिवाळीच्या करंज्या मी एकदा कौतुकानं नेल्या होत्या. सिस्टरनी एक खाल्ली, दुसरी उचलली आणि म्हणाल्या, छान आहेत, फक्त सारण घालायचं राहिलं वाटतं. मी हे घरी सांगितलं नाही. मला अजून करोल बागेतच संसार करायचा आहे.

इतकी वर्षं दिल्लीत काढून त्यांची हिंदी मिरजेच्या स्टेशनाबाहेर आली नव्हती. बाळ जन्मलं की पहिलं काम ते कोरडं करणं. त्याला त्या "पुसो, पुसो, अच्छे से पुसो" म्हणायच्या. रोहतकची, बुलंदशहरची, पलवलची धिप्पाड पोरं त्यांच्यामागून "पुसो" म्हणत पिंट्याला टॉवेलानं पुसायची. पिशवी दाबायचा ताल तर शुद्ध मराठीत: "दाब, सोड, सोड. दाब, सोड, सोड." वर्गाबाहेर उभं राहिलं की वाटायचं, कुठल्या तरी मराठी शाळेत पाढे चाललेत. आज दिल्ली-एनसीआरमधल्या कितीतरी अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ही मराठी बोलली जाते आणि बोलणाऱ्याला ती मराठी आहे हे माहीतही नाही.

शिकवणं अगदी साधं. बाळ पुसा, पाठ चोळा, ऊब द्या. मान सरळ ठेवा, फार मागं नको, पुढं दुमडलेली नको, फुलाचा वास घ्यायला जरा उचलतो तेवढी. तरी श्वास नाही, तर मास्क नीट बसवा आणि पिशवी दाबा. हे सगळं पहिल्या मिनिटात. आणि नजर बाळाच्या छातीवर. छाती वर आली तर हवा पोचली, नाही आली तर तुम्ही नुसते हातवारे करताय. बाकी सगळं विसरलात तरी एक वेळ चालेल, छाती विसरू नका, हे त्या इतक्या वेळा म्हणायच्या की आमचा चहावालासुद्धा कप ठेवताना पिंट्याच्या छातीकडे एक नजर टाकून जायचा.

एकदा एका जुन्या, मुरलेल्या टेक्निशियननं पिंट्याला पायांना धरून उलटं टांगलं आणि पाठीत दोन चापट्या मारल्या. गावाकडे दाई असंच करते म्हणाला. सिस्टरनी पिंट्याला हळूच त्याच्या हातातून सोडवून घेतलं, कुशीत धरलं आणि विचारलं, "अभी तो आया है. इतने में उसने क्या गुनाह किया?" त्या माणसाचा चेहरा असा झाला की मलाच त्याची दया आली. जेवणाच्या सुट्टीत तो एकटाच आत बसून पिंट्याची पाठ चोळत होता.

आणि मेट्रोचा तो प्रकार. पिंट्याच्या मानेपाशी रबर फाटलं, हवा बाहेर जायला लागली. कंपनीकडून नवं यायला महिना जाणार होता आणि दोन दिवसांनी बॅच. करोल बागेत गाड्यांचं रबरी सामान दुरुस्त करणारा एक माझ्या ओळखीचा. मी म्हटलं, द्या, पिशवीत घालून नेतो. सिस्टरनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की कपाटाची आठवण झाली. शेवटी पिंट्या दुपट्यात गुंडाळून त्यांच्या कडेवर आणि मी मागं. मेट्रोत एका पोरानं लगबगीनं उठून त्यांना जागा दिली. सिस्टर आशीर्वाद देऊन बसल्या. शेजारच्या बाईंनी वाकून पाहिलं आणि बच्चा बहुत शांत आहे म्हणाल्या. सिस्टर गंभीरपणे उत्तरल्या की हो, याला रडवण्यासाठीच सगळी खटपट चाललीय. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर तेव्हा बोगदा होता.

येताना खरी पंचाईत झाली. स्टेशनच्या तपासणीत महिला पोलिसानं दुपटं बाजूला केलं आणि रबरी तोंड बघून किंचाळली. माणसं जमली. मला वाटलं, संपलं, आज रात्रीचं जेवण चौकीत. सिस्टरनी तिथल्या तिथं टेबलावर पिंट्याला निजवलं, पिशवीतून मास्क काढला आणि त्या पोलीस बाईच्या हातात दिला. रांग खोळंबली. मागचे लोक कुरकुरायचे थांबून माना वर करून बघायला लागले. बाईनं मास्क बसवला, दाबलं, आणि नव्या ठिगळासकट छाती वर आली. तिला इतका आनंद झाला की तिनं दोघी मैत्रिणींना बोलावून पुन्हा करून दाखवलं. मला मात्र तिनं खिशातली किल्लीसुद्धा बाहेर काढायला लावली.

आता भुवयांचं सांगतो. सिस्टरना कुठलीही गोष्ट चेहऱ्यावर लपवता येत नसे. समोरच्यानं चूक केली की दोन्ही भुवया जवळ येऊन एकमेकींना भिडायच्या, बरोबर केलं की दोन्ही टुणकन वर जायच्या. त्यांना स्वतःला याचा पत्ता नव्हता. पोरं मात्र भलती हुशार. एका बॅचनं हे हेरलं आणि सगळीच्या सगळी बॅच भुवया बघत बघत पास झाली. मान थोडी मागं, भुवया भिडल्या, मान पुढं, भुवया वर, शाब्बास. पुढच्या आठवड्यात उजळणी होती. सिस्टरना त्या दिवशी सर्दी होती म्हणून डोकं-कपाळ झाकून पार डोळ्यांपर्यंत मफलर ओढलेला. एकालाही धड जमेना. सिस्टर आधी चिडल्या, मग एका भोळ्या पोरानं खरं सांगून टाकलं, तेव्हा खुर्चीत बसून पोट धरून हसल्या. हसणं ओसरल्यावर मला म्हणाल्या, विनू, हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये माझ्या भुवया नसतात.

तेव्हापासून परीक्षा घेताना त्या मान खाली घालून विणायला लागल्या. तान्ह्या बाळाच्या डोक्याला बसेल एवढी लोकरी टोपी. पास होईल त्याला टोपी मिळायची, ती अ‍ॅम्ब्युलन्सच्या किटमध्ये ठेवायची. जन्मल्याजन्मल्या ओलं डोकं फार लवकर गार पडतं, त्यात दिल्लीची थंडी. टोपी ज्या बाळाला घातली त्याच्याबरोबर ती घरी जाणार. मग सिस्टरना फोन करायचा आणि नवी टोपी न्यायची. वर्ग चालू असताना असे फोन यायचे. सिस्टर फक्त विचारायच्या, "रोया?" आणि उत्तर ऐकून पिशवीतून पुढचा रंग काढायच्या. कधी कधी उत्तर दुसरं असायचं. त्या दिवशी त्या जेवायच्या नाहीत, पण टोपी विणायच्याच.

सतबीर आला तो याच काळात. झज्जरकडचा, दारात वाकून येणारा, एकट्यानं स्ट्रेचर चार जिने उतरवणारा. मनानं इतका मऊ की पिंट्याला हातात घेताना त्याच्या कपाळावर घाम यायचा. तो नापास झाला. पुढच्या बॅचला पुन्हा आला, पुन्हा नापास. त्याच्या कंपनीनं सांगून टाकलं की तिसऱ्यांदा पास झाला नाही तर अ‍ॅम्ब्युलन्सवरून काढून शववाहिनीवर टाकू. पगार तोच. सतबीर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, भाईसाहब, मला जिवंत माणसं न्यायची आहेत.

मग त्यानं सांगितलं. या कोर्सच्या आधी एकदा त्याच्या गाडीत बाळंतपण झालं होतं. बाळ निळं, गप्प. काय करायचं ते माहीत नव्हतं. तो बाळाच्या आजीच्या तोंडाकडे बघत राहिला, की ही काहीतरी सांगेल. आजी त्याच्या तोंडाकडे बघत होती, की हा कंपनीचा माणूस, याला ठाऊक असेल. हॉस्पिटल आलं तेव्हा उशीर झाला होता. एवढं बोलून तो चहा न घेता निघून गेला. मला दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

मी सिस्टरकडे रदबदली केली. चांगला मुलगा आहे, मनापासून शिकतो, द्या हो सही करून. सिस्टरनी सुया थांबवल्या.

"विनू, माझी सही बघून बाळ श्वास घेणार आहे का?"

मी मग त्यांना सतबीरच्या गाडीतल्या आजीची हकिकत सांगितली. ती ऐकल्यावर त्यांच्या डोक्यात काहीतरी पेटलं. त्याच संध्याकाळी त्यांनी सतबीरला पिंट्यापुढं उभं केलं, स्वतः मान खाली घालून विणत बसल्या आणि मला म्हणाल्या, त्याच्या हातांकडे नको, डोळ्यांकडे बघ. मी बघितलं आणि थक्क झालो. पठ्ठ्या सिस्टरच्या सुया बघत होता. चूक झाली की सुया थांबतात, बरोबर असलं की भराभर चालतात, हे त्यानं ताडलं होतं. सिस्टरनी सुया पिशवीत टाकून तोंडापुढं पेपर धरला. सतबीर माझ्याकडे बघायला लागला. मी दगडासारखा चेहरा केला, तर दारातल्या चहावाल्याकडे. त्याचे हात चुकत नव्हते हो. त्याला फक्त कुणाच्या तरी चेहऱ्यावर 'हो' वाचायचं होतं, आणि त्या नादात छाती राहून जायची.

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी सिस्टरनी फर्मान काढलं: सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. आख्खी बॅच, चहावाला, मी, आणि पाहणीला आलेले सतबीरच्या कंपनीचे टाय लावलेले मॅनेजरसुद्धा. त्यांनी नाक मुरडलं. सिस्टर म्हणाल्या, साहेब, तुमच्या तोंडावर तर सगळ्यात जास्त लिहिलेलं दिसतं, तुम्ही आधी वळा. मॅनेजर वळले. माझ्या नाकासमोर गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं, ते काढायचं राहिलं होतं. सिस्टर सतबीरच्या पाठीमागं जाऊन उभ्या राहिल्या, त्याच्या दंडाखालून पिंट्या दिसेल अशा.

सुरुवात झाली. पुसल्याचा आवाज, पाठ चोळल्याचा. मग पिशवीचा फुस् फुस्. "दाब, सोड, सोड." थोड्या वेळानं सतबीरचा आवाज आला, सिस्टरजी, ठीक है? कुणी बोललं नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा शांतता. मला तर वळून सांगावंसं वाटत होतं, बाबा रे, खाली बघ. पण मलाही काय ते दिसत नव्हतं. पिशवीचा आवाज थांबला. मग त्यानं काहीतरी सरकवल्याचा बारीक आवाज, मास्क पुन्हा बसवल्याचा, आणि फुस्. ह्या वेळचा आवाज निराळा होता, भरीव.

"उठ रही है," सतबीर म्हणाला. कुणाला विचारत नव्हता तो. स्वतःशीच म्हणाला. "छाती उठ रही है."

आम्ही वळलो तेव्हा तो अजून दाबत होता आणि खालीच बघत होता. त्याला थांब म्हणून सांगावं लागलं. सिस्टरच्या भुवया कपाळाच्या पार वर जाऊन बसलेल्या. त्यांनी त्याला निळी टोपी दिली. ती त्यानं किटमध्ये ठेवायच्या आधी आपल्या त्या एवढ्या मोठ्या मुठीवर घालून बघितली. माझा जीव भांड्यात पडला, आणि मॅनेजरनी टाळ्या वाजवल्या, हेही सांगायला हवं.

पुढच्या हिवाळ्यात सिस्टरचे गुडघे बोलायला लागले. मिरजेला धाकटी बहीण होती, ती कधीपासून बोलावत होती. सिस्टरनी जायचं ठरवलं. पिंट्याला कसं निजवायचं ते मला पुन्हा एकदा समजावून सांगितलं. गाडी दुपारची, निजामुद्दीन स्टेशनहून. सतबीरनं आधीच बजावून ठेवलं होतं की सिस्टरजींचं सामान दुसऱ्या कुणी उचलायचं नाही, मी येणार. त्या दिवशी सकाळपासून त्याचा फोन नाही. आम्ही वाट बघितली आणि शेवटी मीच बॅगा टॅक्सीत टाकल्या. सिस्टरनी फोन मात्र मांडीवर पालथा न ठेवता सुलटा ठेवला होता.

आश्रम नावाच्या चौकात नेहमीसारखं सगळं ठप्प. मागून सायरन. आमच्या टॅक्सीवाल्यानं गाडी जेमतेम वीतभर बाजूला घेतली आणि अ‍ॅम्ब्युलन्स घुसली, पण पुढं बस आडवी. ती अगदी आमच्या शेजारी येऊन अडकली. तिच्या खिडकीची खालची काच दुधी, वरची साधी. वरच्या काचेत सतबीर दिसला. वाकलेला, खांदे पुढं, ओठ हलत होते. बाळ आम्हाला दिसत नव्हतं, त्याची छाती तर नाहीच. सिस्टरना फक्त त्याचा चेहरा दिसत होता, आणि त्या तो डोळ्यात प्राण आणून वाचत होत्या. त्यांच्या मांडीवरचा हात मिटत होता, उघडत होता. दाब, सोड, सोड.

मी काच खाली करून हाक मारायला गेलो. त्यांनी माझं मनगट पकडलं.

"हाक मारू नकोस. त्याला खाली बघू दे."

हातभर अंतरावर होता तो. चौकभर हॉर्न वाजत होते, बसचा कंडक्टर ओरडत होता, शेजारी त्याची सिस्टर बसली होती. त्यानं मान वर केली नाही. मग बस हलली, अ‍ॅम्ब्युलन्स फटीतून निघून गेली. सिस्टर मागं टेकल्या. डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "बघितलंस? एकदासुद्धा वर बघितलं नाही." असा अभिमान मी कुणाच्या आईच्या आवाजातही ऐकलेला नाही.

स्टेशनवर जुन्या बॅचची चार-पाच पोरं आली होती. सामान चढलं. पण सिस्टरचं लक्ष आमच्यात नव्हतं. चौकातलं मी पोरांना सांगितलं होतं, आणि आता सगळेच सिस्टरच्या फोनकडे बघत होते. गाडी सुटायच्या जरा आधी फोन वाजला. सिस्टरनी तो स्पीकरवर टाकला.

"रोया?"

पलीकडं सतबीर धापा टाकत होता. "रोयी, सिस्टरजी. लड़की है. हॉस्पिटल के गेट पर रोयी, और इतना रोयी कि गार्ड डर गया." मग सामान उचलायला येता आलं नाही म्हणून तो माफी मागायला लागला. सिस्टरनी त्याला मध्येच तोडलं आणि विचारलं, टोपी घातलीस ना? तो म्हणाला, घातली, तिच्याबरोबर आत गेली. आता माझ्या किटमध्ये टोपी नाही.

एवढं ऐकायचा अवकाश. गाडी हलली तेव्हा आम्ही सगळे फलाटावर ओळीनं उभे राहून हात हलवत होतो, नावानं हाका मारत होतो, मी तर काचेबरोबर चार पावलं धावलोही. सिस्टरच्या मांडीवर पिवळी लोकर होती आणि सुया भराभर चालल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. भुवया तेवढ्या वर गेलेल्या दिसल्या.